टेलरमामांचे खिसे

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या हॉस्पिटलमधून फोन आला. एक तरुण डॉक्टरीणबाई बोलत होत्या. आवाज गोड, पण घाई भारी. म्हणाल्या, "सिस्टर, पेशंटच्या सुरक्षिततेसाठी कुणी साध्या, कमी खर्चाच्या युक्त्या काढल्या असतील तर त्यांचा गौरव करायचाय आम्हाला. जुन्या काळातलं काही आठवतं का?"

आठवतं का म्हणे! मी म्हटलं, "बाई, सकाळी गोळी घेतली की नाही ते मला आठवत नाही, पण ते सगळं लख्ख आठवतं."

त्यांनी लगेच फॉर्म पाठवला. संशोधकाचं नाव, शिक्षण, पद, वापरलेलं तंत्रज्ञान. प्रत्येकाला बोटभर जागा. मी नाव लिहिलं, तर ते वाचून मलाच ओळख पटेना, कारण सगळं हॉस्पिटल त्यांना टेलरमामाच म्हणायचं. शिक्षणापुढे लिहिलं, 'चौथी'. तंत्रज्ञानापुढे लिहिलं, 'सुई-दोरा'. मग मला स्वतःचाच राग आला. मामा काय बोटभर जागेत मावणार आहेत? फॉर्म बाजूला सारला आणि वही काढली.

लाँड्रीच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली एक लांबट खोली होती. एकच खिडकी, आणि त्या खिडकीकडे तोंड करून मामांची पायाची मशीन. एका भिंतीला चादरींचे ढीग, दुसरीला फाटून आलेल्या गाऊनचे. इस्त्रीचा गरम वास आणि मशीनच्या तेलाचा वास. टाकी भरली की छतातून गडगड आवाज यायचा आणि मामा वर बघून म्हणायचे, "झालं का पोट साफ?" आम्ही खो खो हसायचो. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि वर्षानुवर्षं आम्ही हसलो.

माणूस किडकिडीत, गळ्यात टेप, कानावर खडू. बायको लवकर गेलेली, घरी एकटी मुलगी. आम्हा ऑपरेशन थिएटरच्या नर्सेसवर त्यांचा फार जीव. मास्कची नाडी तुटली, गाऊनची शिवण उसवली की आम्ही धावत त्या खोलीत. मी तशी धसमुसळी. एकदा गाऊन ओढूनताणून घालताना टर्रकन फाडला, तर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, जरा हळू. कापड आहे, नवरा नाही." माझं लग्न नुकतंच झालं होतं. आठवडाभर मला सगळ्यांनी छळलं त्या वाक्यावरून.

चादरी-गाऊनपेक्षा मामांचं एक काम मोठं होतं, ते म्हणजे मॉप. ऑपरेशनच्या वेळी पोटातलं रक्त टिपायला जाळीच्या कापडाचे जाड चौकोन लागतात, वितीएवढे. चारी कडा शिवलेल्या आणि एका कोपऱ्याला नाडी. तेव्हा ते विकत आणत नसत, मामाच शिवायचे. शिवून झाले की पाच-पाचची गड्डी करून दोऱ्याने बांधायचे. मग त्या गड्ड्या डब्यात घालून वाफेवर निर्जंतुक व्हायच्या आणि आमच्याकडे यायच्या. ऑपरेशन सुरू करताना मॉप मोजायचे, फळ्यावर लिहायचे. पोट शिवायच्या आधी वापरलेले मॉप पुन्हा मोजायचे. दोन्ही आकडे जुळले तरच टाका घालायचा. का, ते सांगायला नको. रक्ताने भिजलेला मॉप पोटात मिसळून जातो. समोर असला तरी दिसत नाही.

नियम असा होता की गड्डी सोडून एकेक मॉप मोजायचा. पण मामांची गड्डी म्हणजे पाचच! त्यात कधी फरक निघाला नव्हता. मी थिएटरला आले तेव्हा पहिले सहा महिने इमानेइतबारे एकेक मोजला. मग सातव्या महिन्यापासून काय करायला लागले? गड्ड्या मोजायला लागले. चार गड्ड्या, म्हणजे वीस. लिही फळ्यावर वीस. सगळ्याच तसं करायच्या. माणूस इतका चोख असला की त्याच्यामागे आपण ढिले होतो, ही गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तर मी ऐकली नसती.

पोस्टातल्या बाईंचं ऑपरेशन असंच झालं. त्या पोस्टात कामाला होत्या, पत्रं लावायच्या विभागात. चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, तोंडाने फटकळ. टेबलावर झोपवल्यावर सुद्धा मला म्हणाल्या, "सिस्टर, नीट पत्त्यावर पोचवा हो." सुरुवातीला चार गड्ड्या, शेवटी वीस मॉप. आकडा जुळला, मी वहीत सही ठोकली, मोठ्या डॉक्टरांनी टाके घातले.

पाच आठवड्यांनी त्या परत आल्या. ताप उतरत नव्हता, पोट दुखत होतं, चेहरा अर्धा झाला होता. पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. मीच होते ट्रॉलीपाशी. मोठ्या डॉक्टरांनी आत हात घातला आणि नाडी धरून काहीतरी ओढलं. काय ते मला बाहेर यायच्या आधीच कळलं.  डॉक्टरांनी तो मॉप माझ्यासमोर ट्रेमध्ये टाकला आणि काम पुढे चालू केलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत बोलावणं. मेट्रन म्हणजे आमच्या सगळ्या नर्सेसच्या वरच्या बाई. कडक इस्त्री, कडक नजर. मोठे डॉक्टर उभेच होते, टेबलावर वही आपटत.

"सुरुवातीला वीस, शेवटी वीस! ही बघा सही! मग हा एकविसावा काय आभाळातून पडला?"

"सर, मी शेवटी नीट वीस मोजले. दोनदा मोजले," मी म्हटलं.

"मोजता येत नाही हिला. मला ही थिएटरमध्ये नको."

थिएटर म्हणजे माझा जीव होता. वॉर्डात मला कधीच करमलं नाही. त्या पांढऱ्या दिव्याखाली, हत्यारांच्या ट्रॉलीमागे उभं राहिलं की मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. ते जाणार, आणि वर 'हिने पेशंटच्या पोटात कापड सोडलं' हे नाव जन्मभर चिकटणार. मला रडू फुटलं. रडू आलं याचाही राग आला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि टेलरमामा आत आले. न बोलावता. हातात चादरीचं गाठोडं. मेट्रनच्या खोलीत न बोलावता कोणी यायचं नाही, हे माहीत असलेला माणूस. गाठोडं टेबलावर सोडलं, आत मॉपच्या गड्ड्या.

"बाई," ते मेट्रनला म्हणाले, "कपाटातल्या उरलेल्या सगळ्या गड्ड्या काल सोडून बोटांनी मोजल्या. तीस होत्या. दोनांत सहा-सहा निघाले. एकीत चारच. हा तो सहावा माझा आहे. सिस्टरची चूक नाही."

 मग मेट्रनने हळूच विचारलं, "बोटांनी का? डोळ्यांनी का नाही?"

मामांनी मग सांगितलं. दीड-दोन वर्षं झाली होती, डोळ्यांपुढे धुकं आलेलं. मोतीबिंदू. रंगीत कापड कळायचं, पण पांढऱ्यावर पांढरं ठेवलं की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते दिसेना. सुईत दोरा ओवता येईना म्हणून मुलगी शाळेला जायच्या आधी चाळीस सुया ओवून एका चिमुकल्या गादीला टोचून बरोबर द्यायची. हे कुणाला सांगितलं नाही, कारण आंधळ्या शिंप्याला कोण ठेवणार? मशीन गेली तर घरात बसून करायचं काय? आम्ही रोज त्या खोलीत जात होतो, त्यांच्या विनोदांना हसत होतो, आणि त्या चाळीस सुया आमच्यापैकी एकीलाही दिसल्या नाहीत. मोतीबिंदू नक्की कुणाला झाला होता?

खरं सांगू? पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. हुश्श, वाचले. दुसऱ्या क्षणाला मेट्रनने माझ्याकडे बघितलं.

"सुरुवातीला तू मॉप मोजलेस की गड्ड्या?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोर तो माणूस आपली रोजीरोटी टेबलावर ठेवून उभा होता. मी म्हटलं, "गड्ड्या."

"छान!" मोठे डॉक्टर म्हणाले. "एकाला दिसत नाही, दुसरी बघत नाही. दोघांनाही काढा."

मेट्रनने वही मिटली. "ते मी ठरवीन. आधी दोघं जा आणि त्या बाईंना खरं काय ते सांगा."

"पेशंटला सांगायचं? हॉस्पिटलची अब्रू जाईल!"

"डॉक्टर, त्यांच्या पोटातून वितीएवढं कापड निघालंय. त्यांना काही कळलंच नसेल असं वाटतं का तुम्हाला?"

वॉर्डाच्या त्या लांबलचक व्हरांड्यातून मी आणि मामा चाललो होतो तेव्हा ते भिंतीला हात लावत चालत होते. इतके दिवस मला वाटायचं, त्यांची सवय आहे.

पोस्टातल्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मामांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. मी माझं सांगितलं. सारवासारव केली नाही. बाई ऐकत राहिल्या. मग इतक्या चिडल्या की टाके ताणले जातील अशी मला भीती वाटली.

"पाच आठवडे! पाच आठवडे मी गुरासारखी तळमळले! घरचे म्हणाले, तुला सहन करायची सवय नाही. मला वाटलं, मी मेलेच आता. आणि तुम्ही काय, मोजायला कंटाळलात?"

  मग त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. पाणी पिऊन त्या एकदम म्हणाल्या, "पण तुम्ही मोजता कशाला?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"आम्ही पोस्टात रजिस्टर पत्रं मोजत नाही बसत. माणूस मोजायला चुकतोच. आमच्याकडे लाकडी खणांचं कपाट आहे. एका पत्राला एक खण. संध्याकाळी नुसतं कपाटाकडे बघायचं. पत्र जास्त असलं तर त्याला खण मिळत नाही, हातात उरतं. कमी असलं तर खण रिकामा दिसतो. आणि एक जरी खण रिकामा असला तरी कोणी घरी जात नाही. साहेब सुद्धा नाही. पत्र सापडेपर्यंत सगळे खुर्च्यांखाली." मग पुन्हा तोंड फिरवून म्हणाल्या, "पत्रासाठी एवढं करतो आम्ही. तुम्ही माणसासाठी करत नाही."

हे शेवटचं मला अजून टोचतं. पण मामांकडे बघितलं तर त्यांचा हात हवेत काहीतरी मोजत होता. चार बोटं, एक अंगठा. मी त्यांना चांगली ओळखत होते. कापड कापायच्या आधी त्यांचा हात तसा चालायचा.

"बाई," ते म्हणाले, "किती मोठा असतो हो एक खण?"

दोन दिवस टाकीखालच्या खोलीचं दार बंद होतं. मशीनचा आवाज मात्र येत होता. तिसऱ्या दिवशी मामांनी मला हाक मारली. दोन गोष्टी होत्या.

एक, पांढऱ्या जाड कापडाची पट्टी, तिला ओळीने पाच खिसे. एका खिशात एकच मॉप बसेल एवढेच. आता गड्डी बांधायची नाही, या खिशांत मॉप भरायचे आणि पट्टी गुंडाळून वाफेच्या डब्यात टाकायची. "सहावा घालून दाखवा," मामा म्हणाले. मी घालायला गेले. जाईना.

दुसरी गोष्ट मोठी. बिछान्यावर घालतात त्या रबरी चादरीचे तुकडे जोडून केलेला पडदा, दरवाजाएवढा उंच, त्यावर पाचाच्या चार ओळी. वीस उथळ खिसे. वापरलेला मॉप एकेका खिशात टाकायचा, नाडी बाहेर लोंबत ठेवायची. भिंतीवर टांगला की खोलीत कुठूनही दिसेल. सगळे खिसे भरले तर टाका घालायचा. एक जरी रिकामा दिसला तर थांबायचं. रबरातून मशीनची सुई जाईना म्हणून मामांनी चांभाराची आरी आणून हाताने भोकं पाडली होती. बोटांना जागोजागी चिंध्या बांधलेल्या.

"मामा, हे तुम्ही केलंत? दिसत नसताना?"

"दिसत नाही म्हणूनच केलं, पोरी. आता माझे डोळे चुकले तरी चालतील. तू कंटाळलीस तरी चालेल." त्यांनी मला पोरी म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मेट्रनने तो पडदा उलटसुलट करून बघितला आणि निकाल दिला. एक महिना. महिनाभर वापरून बघायचा, आणि मोठ्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर दोघांची कामं शाबूत. नाही म्हटलं तर मी वॉर्डात आणि मामा घरी. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मात्र महिना संपायची वाट न बघता करून घ्यायचं.

मोठे डॉक्टर हो म्हणतील! मला वाटलं, संपलं सगळं. पहिल्याच दिवशी पडदा बघून ते म्हणाले, "हे काय? ऑपरेशन थिएटर आहे की धोब्याची दोरी?" भूल देणारे डॉक्टर हसले, माझी जोडीदारीण हसली. मी दात आवळून मॉप खिशात टाकत राहिले.

आठव्या दिवशी पोट शिवायची वेळ आली आणि चौथ्या ओळीत एक खिसा रिकामा. मी म्हटलं, "सर, थांबा. एक कमी आहे."

"मी बघितलंय आत. सुई दे."

"खिसा रिकामा आहे, सर."

"सुई दे!"

मी दिली नाही. सुईचा चिमटा हातात गच्च धरून उभी राहिले. अशा माणसासमोर, ज्याच्या आवाजाने वॉर्डबॉय ट्रे सोडायचे! पाच मिनिटं शोधाशोध झाली, सगळे गुडघ्यांवर, टेबलाखाली, बादलीत. आणि मॉप सापडला कुठे? मोठ्या डॉक्टरांच्याच चपलेच्या तळाला चिकटलेला. ते स्वतः त्याच्यावर उभे राहून ओरडत होते! हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मात्र हसू आलं नाही. बाहेर जाताना म्हणाले, "पाच मिनिटं पोट उघडं राहिलं, एका चिंधीपायी. महिना संपू दे, मग बघतो."

ते चुकीचं नव्हते बोलत, हे मी आता कबूल करते. पाच मिनिटं कमी नसतात.

मामांना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्याला पट्टी होती. ती सुटली त्या दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावून माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "अरेच्चा, सिस्टर, तुम्ही इतक्या रागीट दिसता होय? आवाजावरून बऱ्या वाटायचात." मग लगेच विचारलं, "काय म्हणतायत डॉक्टर?" मी म्हटलं, "विचार करतायत." त्यांनी चष्मा काढून पुसला. विश्वास बसला नव्हता.

सव्विसाव्या दिवशी एक मोठं ऑपरेशन होतं. एक गवंडी, उंचावरून पडलेला, आत रक्तस्राव. धावपळ इतकी की कोण काय मागतंय ते कळत नव्हतं. वीसच्या वीस मॉप वापरले. शेवटी रक्त थांबलं, सगळ्यांनी श्वास सोडला. मोठ्या डॉक्टरांनी सुईसाठी हात पुढे केला. मी पडद्याकडे बघितलं. शेवटच्या ओळीतला शेवटचा खिसा रिकामा.

मी तोंड उघडलं. पण त्याआधी मला दिसलं की त्यांचा पुढे केलेला हात तसाच थांबला होता. तेही पडद्याकडेच बघत होते.

"चपला बघा," ते म्हणाले.

बघितल्या. सगळ्यांच्या. बादली, टेबल, फरशी. काही नाही. मग त्यांनी हात पुन्हा पोटात घातला, वर, यकृताच्या मागे, आणि डोळे मिटून चाचपत राहिले. मला वाटतं मिनिटभरच गेलं असेल. हात बाहेर आला तेव्हा बोटांत नाडी होती.

 तो मॉप त्यांनी ट्रेमध्ये टाकला नाही. मला म्हणाले, "पडदा जवळ घे." मी घेतला, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो त्या खिशात ठेवला, नाडी बाहेर काढून. मग हातमोजे बदलले आणि म्हणाले, "आता सुई दे."

त्या दुपारी मोठे डॉक्टर टाकीखालच्या खोलीत गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. काय बोलले ते मामांनी कधी पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "ते म्हणाले, आणखी चार पडदे लागतील. मी म्हटलं, माप कोण घेणार, या बसा." मी वॉर्डात गेले नाही. मामांची मशीन आणखी अकरा वर्षं चालली. पोस्टातल्या बाई टाके निघाल्यावर तो पडदा बघायला आल्या, दारातूनच. म्हणाल्या, "खण जरा तिरके झालेत." मामा मान हलवून म्हणाले, "डोळे नव्हते तेव्हाचं काम आहे, बाई." दोघंही हसले. मग त्या घरी गेल्या आणि पुढे वीस वर्षं पत्रं लावत राहिल्या.

मामांनी ही युक्ती जगात पहिल्यांदा काढली असं मी म्हणत नाही. आणखी कुठे कुठे लोकांना सुचलीच असेल, सुचायलाच हवी. पण आमच्या इथे ती कुणी शिकवायला आलं नव्हतं. आणि मामांना कुणी शाबासकी दिली की ते म्हणायचे, "कल्पना त्या पोस्टातल्या बाईंची. चूक माझी. शिवण तेवढी बरी आलीय."

हे सगळं वहीत लिहून झाल्यावर वाटलं, कार्यक्रमात दाखवायला तो जुना पडदा हवा. हॉस्पिटलमध्ये विचारलं तर स्टोअरवाला म्हणाला, आता प्लास्टिकचे तयार येतात, वापरून फेकायचे; जुनं सगळं कधीच गेलं. मग मामांच्या मुलीचा पत्ता शोधला आणि परवा सकाळी गेले. चाळीस सुया ओवणारी ती शाळकरी मुलगी आता स्वतः आजी झालीय. मला बघून गळ्यात पडली.

"रबरी पडदा नाही हो आत्या," ती म्हणाली, "पण बाबांनी त्याच्या आधी घरी एक नमुना केला होता. जुन्या चौकटीच्या चादरीचा. तो आहे. रोजच्या वापरात आहे."

स्वयंपाकघराच्या दाराला तो टांगला होता. पाचाच्या दोन ओळी. धुऊन धुऊन रंग उडालेला, पण शिवणीचा एक टाका सुटलेला नव्हता. खिशांत घरचं सगळं राज्य: कात्री, किल्ल्या, नातीच्या रिबिनी, टॉर्च, औषधाची पाकिटं. मी हात फिरवला. खिसे थोडे तिरकेच होते. त्या दोन दिवसांचा मशीनचा आवाज कानात आला, आणि वरच्या टाकीची गडगड. कुठे गेले ते सगळे, असं झालं मला.

आणि मग सवयीने, अगदी सवयीने, मी वरपासून खालपर्यंत नजर टाकली. नऊ खिसे भरलेले. वरच्या ओळीतला पहिला रिकामा.

"हा गं का रिकामा?"

तिने पदराने हात पुसले. "तो बाबांच्या चष्म्याचा. रात्री काढला की त्यातच ठेवायचे. गेले तेव्हा डोळ्यांवर होता, तसाच दिला बरोबर. चार वर्षं झाली. खूपदा वाटतं काहीतरी ठेवावं तिथे, घरात जागा कमी आहे. पण हात होत नाही. तुम्ही घेऊन जा ना कार्यक्रमाला. त्यांचं कौतुक होऊ दे एकदा."

मी तो पडदा खुंटीवरून काढायला हात वर केला. आणि काढला नाही. आयुष्यभर एकच नियम पाळला मी, निदान त्या महिन्यानंतर तरी: खिसा रिकामा असला की थांबायचं. मी थांबले. दाराच्या चौकटीला टेकून ढसाढसा रडले, आणि तीही रडली, आणि तिची नात रिबिनी घ्यायला आली ती आम्हाला बघून तशीच परत गेली.

पडदा तिथेच आहे. फॉर्म मी भरून पाठवलाय. संशोधकाच्या नावाच्या बोटभर जागेत तिघांची नावं बारीक अक्षरात बसवली: मामांचं, पोस्टातल्या बाईंचं, आणि त्या मोठ्या डॉक्टरांचं, कारण थांबलेला हात त्यांचा होता. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "सिस्टर, पुरावा म्हणून वस्तू लागेल हो."

मी म्हटलं, "वस्तू मिळणार नाही. ती वापरात आहे. बघायची असेल तर तुम्हीच या, मी घेऊन जाते."